रुख्माबाईची किनार

चेतन हेडाऊ हा माणूस पहिल्या दिवशी मला अजिबात आवडला नव्हता. जरीपटक्याच्या बाजारात एका कापड दुकानाच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. खाली दिवसभर गिऱ्हाइकांना हाका मारणं चालू असतं आणि वर आम्ही पोरांना सी भाषा शिकवतो. सी आता कुणालाच मनापासून शिकायची नसते. इंजिनीअरिंगला विषय राहिलेली पोरं येतात, कशीबशी पास होतात आणि जिना उतरता उतरता सगळं विसरतात. त्यांना शिकवायला मला मुकाट्याने काम करणारा एखादा मास्तर हवा होता. आला हा. खुर्चीवर बसायच्या आधीच त्याने फळ्यावर मी लिहिलेला प्रोग्राम वाचला आणि म्हणाला, "मॅडम, हे फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर चालन."

मी म्हटलं, "मग? शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवायचंय का मला?"

"चालाले पाहिजे," तो म्हणाला. "जिथं नेलं तिथं चालाले पाहिजे. नाही त कायले लिहाचं?"

माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही, आणि हा तर फळ्यावरच येऊन बसला होता. तरी त्याला ठेवून घेतलं, कारण दुसरं कुणी आलंच नव्हतं.

उंच, थोडा वाकलेला, पन्नाशीकडे झुकलेला. बोलताना त्याचा हात कुठल्या तरी कापडाची कड शोधत असायचा. टेबलक्लॉथ असो, पडदा असो, कड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळत राहायचा. माझ्या ओढणीच्या कडेलासुद्धा त्याने एकदा हात घातला, तेव्हा मी अशी काही भडकले की बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "सवय आहे मॅडम," तो म्हणाला, "कोष्ट्याच्या घरचा आहो मी." तांडापेठेत त्याचं घर. गल्लीतले माग एकेक करून बंद पडले होते, विणणारे कुणी रिक्षा चालवत होते, कुणी चौकीदार झाले होते. ह्यांच्या घरी मात्र एक माग अजून, विणताना पाय सोडायच्या खड्ड्यात, उभा होता, कारण त्याचे वडील बाबनराव तो काढू देत नव्हते.

त्याचा आवडता धडा म्हणजे फोल्डर वाचण्याचा. सी भाषेला स्वतःहून फोल्डर म्हणजे काय ते ठाऊकच नाही. ते सांगायचं काम ज्या त्या मशीनचं. विंडोजची रीत वेगळी, लिनक्सची वेगळी, आणि पोरं एका मशीनवर लिहून परीक्षेच्या मशीनवर तोंडघशी पडायची. चेतन तीन हुकूम सांगायचा, "ओपनडिरनं दार उघडा, रीडडिरनं एकेकाचं नाव विचारा, नावं संपली की क्लोजडिरनं दार लावा. ज्या मशीनले ही रीत येत नाही तिच्यापुरता एक तुकडा वेगळा लिहा, आन् बाकीच्या प्रोग्रामले त्याचा पत्ता लागू देऊ नका." मग टिंबांची गंमत. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन नावं न बोलावता हजर असतात. एक टिंब म्हणजे तो फोल्डर स्वतः. दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचा, त्याचा बाप. ह्यांना वगळलं नाही, तर प्रोग्राम बापाच्या घरात, तिथून पुन्हा पोराच्या घरात असा गरगरत बसतो. "बापाले सोडून पुढं जा," चेतन म्हणायचा आणि पोरं खिदळायची. शेवटी आवाज चढवून सांगायचा, "रीडडिर नावं देते, क्रम देत नाही. पहिले कोण येईन, मागून कोण येईन, याचा भरवसा ठेवला त मेले समजा."

हे वाक्य मी दाराबाहेरून इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. ज्या माणसाने ते शेकडो पोरांना घोकायला लावलं, त्याच्याच घरात हे व्हावं, याचा मला आजही राग येतो. कुणावर यावा ते मात्र समजत नाही.

त्याच्या आईची, रुख्माबाईची गोष्ट त्यानेच मला सांगितली होती. लग्न होऊन आल्यापासून ती बाई नवऱ्याच्या मागासाठी कांड्यांवर सूत भरत होती आणि समोर उतरणारी किनार पाहत होती. करवतीचे दाते, वर एक फूल, पुन्हा दाते, पुन्हा तेच फूल. एक दिवस ती वैतागली. "जल्मभर तेच ते फूल पाहून राहिली मी," ती नवऱ्याला म्हणाली. "एक तरी किनार अशी करा ना, की पुढं काय येते ते समजूच नये."

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने हसून सोडून दिलं असतं. बाबनरावांनी मनावर घेतलं. साडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही चित्र दुसऱ्यांदा येणार नाही अशी किनार त्यांनी बांधली. कुयरी, रुईचं फूल, नथ, तुळस, बोर, संत्र्याची फोड, पाळणा, चिमणी, आणखी कितीतरी. असली किनार विणायची तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा डोंगर लागतो. मागाच्या वर बसवलेलं यंत्र त्या भोकांवरूनच ठरवतं की कुठला धागा उचलायचा. हातानं एवढी भोकं पाडणं शक्य नव्हतं. चेतन तेव्हा तरुण होता. त्याने भंगारातून भोकं पाडायचं मशीन जुळवलं आणि ते कॉम्प्युटरवरून चालवायला सीमध्ये प्रोग्राम लिहिला. संध्याकाळी बापलेक शेजारी बसायचे. बाबनराव चित्र चौकटीचौकटीने सांगायचे, कुठली भरलेली, कुठली रिकामी, आणि चेतन टाइप करायचा. एक चित्र झालं की एक फाइल. सगळ्या फाइली एका पेनड्राइव्हवर.

इथे कोष्ट्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यातच आहे. पुठ्ठ्यांवर आकडे टाकत नाहीत. निदान बाबनरावांच्या घरी तरी नव्हते टाकत. पुठ्ठे दोरीने एकापुढे एक गुंफले की झालं, क्रम दोरी सांभाळते. चेतनने फाइलींना आकडे द्यायचं म्हटलं तेव्हा बाबनराव चिडलेच. "आकडे कायले टाकतं गा? पोराचं नाव ठेवतो का आपण एक, दोन, तीन?" म्हणून फाइलींना चित्रांचीच नावं मिळाली, इंग्रजी अक्षरांत. आणि खरोखर काही अडलं नाही. जुना प्रोग्राम पेनड्राइव्ह उघडायचा, समोर येईल ती फाइल घ्यायचा आणि भोकं पाडायचा. त्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने बनल्या त्याच क्रमाने समोर येतात. पुठ्ठे बरोबर निघाले, साडी विणून झाली, रुख्माबाई नेसली. दोरीचं काम पेनड्राइव्ह करत होता, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

साडी एकच विणली गेली. रुख्माबाई गेली तेव्हा बाबनरावांनी ती साडी तिच्या अंगावर घालायला स्वतः काढून दिली. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, आठवण राहील. ते म्हणाले, "तिचीच हाये ते. तिच्यासंगं जाईन." पुठ्ठे माळ्यावर होते, पण पत्रा गळून त्यांचा आधीच लगदा झाला होता. "चेतनच्या डब्यात हाये ना सारं," बाबनराव म्हणायचे. डबा म्हणजे कॉम्प्युटर.

पुढे नातीचं, चेतनच्या मुलीचं, काजलचं लग्न ठरलं आणि म्हाताऱ्याने एकच गोष्ट धरली. मरायच्या आधी ती किनार आणखी एकदा उतरवायची, काजलसाठी. तिच्या निमित्ताने स्वतःच्या डोळ्यांसाठी, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. त्यांचे हात थरथरत होते तरी उन्हाळ्यात त्यांनी सूत आणलं आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, चढवायला घेतला.

जुना कॉम्प्युटर मेला होता. चेतनने क्लासमधलाच एक लिनक्सचा कॉम्प्युटर माझ्याकडून मागून नेला. फाइली त्यात उतरवल्या आणि आपलाच जुना प्रोग्राम उघडून वाचायला बसला. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये येऊन स्वतःवरच हसत होता. "मॅडम, बम मूर्ख होतो मी तवा. फाइली ज्या येतील त्या घेऊन राहिलो होतो. क्रमच लावला नव्हता." मग त्याने सगळं नीट केलं. दार उघडणं, नावं घेणं, टिंबं वगळणं, सगळी नावं गोळा करून अक्षरांप्रमाणे लावणं, मग भोकं. लिनक्सवर चालवलं, माझ्या विंडोजवर चालवलं, काजलच्या लॅपटॉपवर चालवलं. सगळीकडे अगदी एकसारखं उत्तर. फाइली मोजल्या, संख्या बरोबर भरली. प्रत्येकीचा आकार जुळला. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांना म्हणाला, एकदा पडद्यावर पाहून घ्या. ते म्हणाले, "पडद्यावर का पाहाचं? मागावर उतरली की पाहीन." पेनड्राइव्ह त्याने पुसून काजलला देऊन टाकला. तिने त्यात लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमासाठी नाचाची गाणी भरली.

दिवाळीच्या आधी बाबनरावांना झटका आला. उजवा हात गेला. बोलणंही गेलं असं आम्हांला वाटलं, पण ते गेलं नव्हतं. शब्द सगळे होते, ओळीने येत नव्हते. पाणी हवं असलं तर म्हणायचे, "दार... रुख्मी... गिलास उघड." मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, हात धरला आणि काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातलं एकही वाक्य मला लागलं नाही. नुसती मान डोलावत बसले आणि घरी येऊन रडले.

ताणा चढवलेला होता. चेतनने ठरवलं की आपणच विणायचं. लहानपणी शिकलेलं हात विसरत नाहीत म्हणे. वीतभर किनार उतरली तेव्हा त्याने मला बोलावलं, कारण म्हाताऱ्याला दाखवायचा क्षण त्याला एकट्याने बघायचा नव्हता. खाट मागाजवळ सरकवली. बाबनरावांनी डावा हात किनारीवर ठेवला. आंबा, बोर, पुढे चिमणीचा अर्धा पंख. त्यांनी मान हलवली. पुन्हा पाहिलं. "नाही," ते म्हणाले. मग खूप वेळ नुसतं, "नाही, नाही, नाही."

चेतन उभा होता तो मागाच्या काठावर बसला. त्याला तिथल्या तिथे कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला. फाइली सगळ्या आल्या होत्या, एकही हरवली नव्हती. हरवला होता तो फक्त त्यांचा क्रम, आणि तो कुठल्याच फाइलीत नव्हता. पेनड्राइव्हवर नावं ज्या ओळीत बसली होती ती ओळ म्हणजेच क्रम होता. कॉपी करताना नावं आली, ओळ आली नाही. चूक समजून त्याने नावं ए, बी, सी अशी लावून जे सुधारलं, त्यामुळे हे दिसलंसुद्धा नाही.

मी त्याच्यावर खेकसले. मला दुसरं येतंच काय? "अरे, तूच टाइप केलंस ना एकेक? मग आठवत कसं नाही?"

"मी चौकटी टाइप करून राहिलो होतो मॅडम," तो म्हणाला. "भरलेली, रिकामी, रिकामी, भरलेली. चित्र मी पाहिलंच नाही. चित्र बाबा पाहत होते."

फाइलींच्या तारखांवरून काही लागतं का ते त्याने पाहिलं. पण बाबनराव वर्षभर मागे-पुढे दुरुस्त्या सांगत राहिले होते, तारखा सगळ्या विस्कटलेल्या. पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतः सीताबर्डीवर पुसलेलं परत काढून देणारी दोन दुकानं पालथी घातली. जुन्या ओळीवर नवी गाणी बसली होती. काजलने हे ऐकलं तेव्हा ती जेवली नाही. तिची काही चूक नव्हती, हे तिला सांगून आमचं तोंड दुखलं.

मग चेतनने सगळी चित्रं कागदावर काढून कापली आणि बापाच्या पांघरुणावर पसरली. बाबनरावांच्या डोळ्यांत चमक आली. डाव्या हाताने ते एकेक चित्र उचलायचे आणि ओळीत लावायचे, जराही न अडखळता, देवघरात देव मांडावेत तसे. ओळ पुरी झाली की चेतनकडे बघून हसायचे. चेतनने फोटो काढून घेतला. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद दिले. पुन्हा तसेच न अडखळता लावले, तसेच हसले, आणि ओळ वेगळीच होती. तिसऱ्या दिवशी तिसरी. रोज तेवढीच खात्री, रोज तेवढंच हसू. चेतन ते महिनाभर करत राहिला. अखेर काजलनेच कागद गोळा करून ठेवले. "बस झालं ना पप्पा," ती म्हणाली, "आबांले कायले रोज परीक्षेले बसवून राहिले?"

त्या दिवसांत एकदा क्लास सुटल्यावर तो पडद्याची कड चोळत उभा होता. म्हणाला, "मॅडम, बाबाचं रीडडिर झालं." मी काही बोलायच्या आत जिना उतरून गेला. हे असलं बोलल्याबद्दल त्याला दोन थोबाडीत द्याव्यात आणि मग जवळ घ्यावं, असं मला वाटलं. दोन्ही राहून गेलं.

एकच धागा सापडला. काजल दहावी पास झाली तेव्हाचा एक फोटो. रुख्माबाई नातीला पेढा भरवतेय आणि निऱ्यांवरचा एक घोळ कॅमेऱ्याकडे उलगडलाय. बाकी सगळ्या फोटोंत ती बाई सगळ्यांच्या मागे उभी. ह्या एकात तीन चित्रं ओळीने स्पष्ट दिसत होती. संत्र्याची फोड, पाळणा, चिमणी. एवढीच.

लग्न जवळ आलं होतं, ताणा मागावर तसाच होता. शेवटी काजलच खाली बसली. "आजीची नाही लागत त मी माझी लावते," म्हणाली आणि तिने कागद आपल्या मनाने मांडले. ती तीन चित्रं मात्र फोटोतल्या ओळीने मधोमध ठेवली. चेतनने अक्षरांचा क्रम काढून टाकला, तिने लावलेली ओळ प्रोग्रामला दिली आणि पुठ्ठे नव्याने काढले. विणलेली वीत उसवली. क्लास सांभाळून, मिळेल तेव्हा, हिवाळाभर तो मागावर बसला.

क्लासमध्ये ते फोल्डरवालं प्रकरण पुन्हा आलं तेव्हा मी मुद्दाम दाराशी थांबले. दोन टिंबांपाशी त्याने नेहमीचा विनोद केला नाही. एका पोराने विचारलं, "सर, रीडडिर क्रम नाही देत, त आपण नावांनी लावून टाकाचं ना? प्रॉब्लेम खतम." चेतनने खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "ज्यानं ठेवलं त्याले पहिले विचाराचं. तो हाये तोवर विचाराचं." पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत येईल असं त्यांना वाटलं असावं.

हळदीच्या दिवशी सकाळी साडी मागावरून उतरली. मांडवात गडबड होती, म्हणून चेतन, काजल आणि मी आतल्या खोलीत गेलो. काजलने साडी आजोबांच्या मांडीवर ठेवली आणि पदराचं टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं. साडी सुंदर झाली होती, खोटं कशाला बोलू. बाहेर ज्या ज्या बाईने पाहिली तिने कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली होती.

बाबनरावांचं बोट किनारीवरून सरकत गेलं. नथ, तुळस, आंबा. चेहऱ्यावर काहीच नाही, दुसऱ्याच्या घरचं कापड पाहावं तसं. काजल घडी उलगडत होती, बोट पुढे जात होतं. संत्र्याच्या फोडीपाशी ते थांबलं. पाळण्यावर आलं. चिमणीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"रुख्मी," ते म्हणाले.

चेतन खाली बसला. त्याने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. मीही पुढे सरकले, खोटी आशा माणसाला किती पटकन लागते. बोट चिमणीवरून पुढच्या चित्रावर गेलं, रुईच्या फुलावर. अडखळलं. परत चिमणीवर आलं, पुन्हा पुढे गेलं. पुढे तेच रुईचं फूल. मग त्यांनी मान वर केली आणि मुलाकडे बघून, आजारपणानंतर पहिल्यांदाच, प्रत्येक शब्द आपल्या जागी ठेवून विचारलं, "ही कोणाची साडी हाये गा?"

चेतनने लेकीकडे पाहिलं.

"काजलची, बाबा."

म्हाताऱ्याने मान डोलावली. ते त्यांना पटलं होतं. नातीच्या डोक्यावर त्यांनी डावा हात ठेवला, मग मांडीवरची साडी हळूच तिच्याकडे सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं. बाहेर कुणीतरी हळदीसाठी काजलला हाका मारत होतं. ती साडी घेऊन गेली. चेतन तिथेच बसून राहिला, बापाच्या चादरीची कड बोटांत धरून, आणि मी त्याला उठ म्हटलं नाही.